दादीचं चित्र

सोलापूरहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "ताई, तुम्ही दर महिन्याला आमच्या मुलांना कासव कसं काढायचं, पानाच्या शिरा कशा दाखवायच्या ते शिकवता. पण कुणी सांगितलेलं नसताना तुम्ही स्वतः काय काढता? आणि हे सगळं शिकलात कुणाकडून?"

पत्र वाचून मी थोडी ओशाळले. कारण गेल्या वर्षभरात कुणी सांगितलेलं नसताना मी जे काढलं, ते घराबाहेर कुणालाच दाखवलेलं नाही. या महिन्यात कासव, ससा काही नाही. मुलांनी रागावू नये. हे पान त्यांच्या अम्मींसाठी आणि दादी-नानींसाठी.

आधी पोटापाण्याचं सांगते. माझं काम दुसऱ्याच्या गोष्टीला चित्र देण्याचं. गोष्ट येते, सोबत चिठ्ठी येते: पान चारवर झाड, झाडाखाली म्हातारी, म्हातारीच्या हातात काठी. आपण काढायचं, पाठवायचं, ते म्हणतील ते बदलायचं. काही वर्षांपूर्वी मुलांच्या एका पुस्तकात किराणा दुकानदार 'रहीमचाचा' होते. मी माझ्या अब्बांना डोळ्यांपुढे ठेवून ते काढले: अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कानाला पेन्सिल, नाकावर घसरलेला चष्मा. चित्र परत आलं. "चाचा मुस्लिम वाटत नाहीत. टोपी द्या, दाढी द्या, खाली लुंगी चालेल." माझे अब्बा नमाजला जाताना टोपी घालतात आणि कामाला बसताना काढून खुंटीला अडकवतात. दाढी त्यांनी कधी ठेवलीच नाही. हे मला फोनवर सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. घरभाड्याची तारीख जवळ आली होती. मी टोपी काढली, दाढी काढली, लुंगीवर चौकडीसुद्धा काढली.

त्याच रात्री एक कोरी वही घेतली आणि ठरवलं, यात कुणाची चिठ्ठी नाही. पहिलं पान अब्बांच्या हातांचं.

आमचं माहेर मिरजेचं. अब्बा तंबोऱ्यावर नक्षी करतात. मिरजेची तंतुवाद्यं गाणाऱ्या लोकांना सगळीकडे माहीत आहेत. 2024 मध्ये इथल्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हे काम सुरू कसं झालं ते आपल्या मुलांना सांगण्यासारखं आहे. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीची गोष्ट. तलवारी-भाल्यांना धार लावणारी शिकलगार मंडळी इथं होती. लढाया संपल्या, धारेचं काम संपलं. त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यांची दुरुस्ती करता करता वाद्यं घडवायला घेतली आणि पुढे ही घराणी सतारमेकर म्हणून ओळखली जाऊ लागली. पोलादाला पाणी देणारे हात भोपळ्याला आकार द्यायला लागले.

भोपळा म्हणजे भाजीचा नव्हे. हा कडू, जाड सालीचा, पंढरपूरकडच्या शेतांतून येतो. तो वाळवतात, मग भिजवून कापतात, वर लाकडाची तबली बसवतात, गळा आणि दांडी जोडतात. सगळ्यात शेवटी नक्षी. अब्बा पांढऱ्या पट्टीवर टोकदार हत्याराने वेल कोरतात आणि कोरलेल्या रेघेत रंग भरतात. रंग पुसून काढला की पट्टी पुन्हा पांढरी होते आणि फक्त खाचेत बसलेली रेघ राहते. मी पाच-सहा वर्षांची असताना ही जादू रोज बघत असे. चित्रकलेच्या शाळेत गेल्यावर कळलं की कागदावर रेघ 'वर' बसते. तोवर मला वाटायचं रेघ ही 'आत' असते.

त्या वहीत आता बरेच हात झालेत. जवारी लावताना घोडीवर सावकाश कानस फिरवणारा हात, तारेचा स्वर ऐकताना तसाच हवेत थांबलेला हात, लाखेचं पॉलिश फिरवून पिवळी पडलेली बोटं. चेहरा एकाचाही नाही. सुरुवातीला हे मी मुद्दाम केलं नव्हतं. पण चौथ्या-पाचव्या पानावर लक्षात आलं की मी चेहरा टाळते आहे. का टाळते, तेही मला ठाऊक होतं. तिथे येतेच.

त्याआधी पत्रातला दुसरा प्रश्न, शिकले कुणाकडून.

पहिले गुरू अब्बा. दुसरे जहांगीर बादशहाच्या पदरचे उस्ताद मन्सूर. यांना बादशहाने 'नादिर-उल-अस्र', म्हणजे युगात एखादाच, असा किताब दिला होता. 1612 मध्ये मुकर्रबखान नावाचा सरदार गोव्याच्या बंदरातून बादशहासाठी चमत्कारिक प्राणी-पक्षी घेऊन आला. त्यात एक टर्की कोंबडा होता, हिंदुस्थानात कुणी न पाहिलेला. बादशहा त्याच्या गळ्याचे बदलते रंग बघून इतका थक्क झाला की त्याने रोजनिशीत त्याचं वर्णन केलं आणि चित्रंही काढायला लावली. त्याचं म्हणणं असं की आपले पणजोबा बाबर यांनी प्राण्यांबद्दल लिहून ठेवलं, पण चित्रं काढून घेतली नाहीत. नुसतं ऐकून माणसाला खरं चित्र समोर येत नाही. मन्सूर यांचा तो कोंबडा आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मी तो छापील पुस्तकातच पाहिला आहे, तोही भिंग घेऊन. गळ्याच्या कातडीची एकेक सुरकुती वेगळी आहे. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला, त्याचं टोक सुईसारखं, आणि श्वास रोखून ओढलेली रेघ.

मला त्या कोंबड्यात काय आवडतं सांगू? त्याला नटवलेलं नाही. बादशहापुढे जायचं म्हणून मन्सूर यांनी त्याला मोर केलं नाही. कुरूप तर कुरूप, पण आहे तसा. "चाचा मुस्लिम वाटत नाहीत" म्हणणाऱ्यांना मी मनातल्या मनात हा कोंबडा बरेचदा दाखवला आहे!

याच मन्सूर यांनी काश्मीरच्या फुलांची शंभराहून जास्त चित्रं काढली असं जहांगीर लिहितो. त्यांची उसनवारी करून मी पुण्यातल्या आमच्या गल्लीत उगवणारं गवत-फूल काढायला घेतलं आहे. गटाराच्या कडेची टाकळा, एकदांडी, भिंतीतून निघालेला पिंपळ. पावसाळ्यात हे काम जोरात चालतं, उन्हाळ्यात बंद. यात फार सांगण्यासारखं काही नाही, मनाला बरं वाटतं एवढंच.

तिसरं नाव झरीना हाश्मी यांचं. नुसतं 'झरीना' म्हणूनच त्या ओळखल्या जात. 1937 मध्ये अलीगढला जन्म, 2020 मध्ये लंडनला इंतकाल. फाळणीनंतर त्यांचं घरदार पाकिस्तानात गेलं, त्या स्वतः देशोदेशी राहिल्या आणि आयुष्यभर घर काढत राहिल्या. पण कसं? भिंतींच्या चार काळ्या रेघा, मध्ये अंगण, दाराच्या जागी फट. इंजिनियरच्या नकाशासारखं. 1994 मध्ये त्यांनी अलीगढच्या वडिलांच्या घराचा असा नकाशा कोरला. 1999 मध्ये लाकडात कोरून छापलेल्या 36 चित्रांचा संच केला. त्यात घर, उंबरठा, अंगण अशा एकेका उर्दू शब्दाला एकेक चित्र, शब्द नस्तालिकमध्ये लिहिलेला. ना माणूस, ना चेहरा, ना भांडंकुंडं. तरी बघताना घशात काहीतरी अडकतं.

मी ती चित्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा आमच्या दादीला जाऊन तीन महिने झाले होते.

आता तिथे येते.

आमच्या दादीला तसवीर आवडत नसे. घरात भिंतीवर मक्का-मदिनेशिवाय कसलंही चित्र नव्हतं. लग्नाच्या अल्बमात ती नाही. फोटोवाला आला की तिला बरोबर स्वयंपाकघरात काम निघायचं. जाणदार वस्तूचं चित्र काढावं की काढू नये याबद्दल उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. त्यात बोलायचा माझा अधिकार नाही. मी फक्त आमच्या घरात काय झालं तेवढं सांगते. दादी स्वतःपुरती पक्की होती, पण तिने मला कधी अडवलं नाही. उलट मला रंगांची पहिली पेटी तिनेच पानदानातल्या पैशांतून घेऊन दिली होती. "फूल बना, पत्ते बना," म्हणायची. मी मांजर काढलं की बघून हसायची आणि म्हणायची, "ये देखी नई मैं."

दहावीची सुट्टी. दादी अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी कोपऱ्यात बसून वहीत तिला काढलं. तासभर. पेन्सिल दाबून दाबून, कारण अब्बांचं बघून मला तशीच सवय होती. नाक जमेना, ते चार वेळा काढलं. दादी उठली, माझ्या मागे आली आणि वाकून बघायला लागली. मी श्वास धरून बसले.

"मैं इत्ती गुस्सेवाली दिखती क्या गे?" एवढंच म्हणाली आणि शेंगांची टोपली घेऊन आत गेली.

संध्याकाळी फुफी आली होती. तिने वही उघडली आणि म्हणाली, "अम्मांची तसवीर काढलीस? त्यांना चालत नाही ठाऊक नाही का तुला?" मी पंधरा-सोळा वर्षांची. मला एकदम वाटलं, मी काहीतरी भयंकर केलं. दादी मनातून दुखावली असणार, म्हणूनच आत निघून गेली. रात्री सगळे झोपल्यावर मी खोडरबर घेतलं आणि पान पुसलं. पूर्ण.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादी शेजारच्या खालाला घेऊन माझ्याकडे आली. "दिखा गे, कल की." तिला दाखवायचं होतं! मी वही उघडली. पान कोरं. दादीने पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मिटा डाली?" ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "अच्छा करी."

त्या 'अच्छा करी'चा सूर मला अजून लागलेला नाही. खरंच बरं वाटलं होतं की मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली? पुढे वीस वर्षं ती होती. मी एकदाही विचारलं नाही. आणि पुन्हा तिला काढलंही नाही. धंदा चेहऱ्यांचाच, शेकडो चेहरे काढले, पण माझ्या स्वतःच्या वहीत चेहरा आला की हात थांबतो, तो त्या पानापासून.

झरीना यांचे नकाशे पाहिल्यावर वाटलं, दादी नाही तर दादीचं घर काढू. आमचं जुनं घर आता नाही, त्या जागी तीन मजली इमारत आहे. सुट्टीत मिरजेला गेले आणि अब्बांना घेऊन बसले. त्यांनी जमिनीवर खडूने भिंती आखल्या. "इथे दरवाजा, इथे मोरी, इथे दादीची चूल." अम्मी म्हणाली, मोरी तिकडे नव्हती, न्हाणीला लागून होती. दोघांचं जुंपलं. फुफीला फोन लावला तर तिने तिसरीच जागा सांगितली! शेवटी मी तिन्ही मोऱ्या काढल्या. एका घराचे तीन नकाशे झाले. मग त्यातल्या एकेक वस्तूचं वेगळं चित्र करत गेले: तांब्याचा बधना, त्याची तोटी वाकडी, वजूचा पाट, सुरमेदाणी, पानदानाचे सात कप्पे आणि त्यातला पैशांचा कप्पा, दस्तरखानाच्या कडेला पडलेला हळदीचा डाग. प्रत्येकाखाली घरात म्हणायचो तो शब्द. माझ्या भाचीला यातले निम्मे शब्द माहीत नाहीत. आतापर्यंत बावीस चित्रं झाली आहेत. पुस्तक करायचा विचार आहे, पण अजून कुणाला दाखवलेलं नाही. उगाच चिठ्ठी येईल, "दस्तरखानावर बिर्याणी दाखवा."

हे चालू असताना अहमदनगरच्या निजामशाहीबद्दलचं एक पुस्तक हाती आलं. त्यात 'तारीफ-ए-हुसेनशाही' या हस्तलिखितातली चित्रं होती. हुसेन निजामशहाच्या स्तुतीचं हे फारसी काव्य, आफताबी नावाच्या शायराचं, 1565 च्या तालिकोटच्या लढाईच्या सुमाराचं. मूळ पोथी कुठे लंडन-पॅरिसला नाही, आपल्या पुण्यातच आहे, भारत इतिहास संशोधक मंडळात. दख्खनच्या चित्रकलेचा हा अगदी सुरुवातीचा नमुना. त्यातली बारा चित्रं आज उरली आहेत. त्यांत बादशहाशेजारी बेगम बसलेली होती, खुंजा हुमायूं, आपल्या चांदबीबीची आई. बादशहाच्या मांडीला मांडी लावून तख्तावर बसलेली राणी, अशी चित्रं त्या काळात सहसा दिसत नाहीत. पण आज बहुतेक चित्रांत ती नाही. नंतर कुणीतरी तिला पुसून टाकलं, वर रंग फासला. हुसेन निजामशहा गेल्यावर काही वर्षं कारभार तिच्याच हातात होता, पुढे मुलानेच तिला कैदेत टाकलं. तिच्यासोबत चित्रातली तीही गेली.

पण नीट पुसता आलेलं नाही. बादशहाशेजारी माणसाच्या आकाराचा एक डाग आहे. बादशहा त्या डागाकडे तोंड करून बसला आहे. कोण होती ते न कळलं तरी कुणीतरी होतं हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

तेव्हा मला माझी वही आठवली. दहावीच्या सुट्टीतली. मिरजेला माळ्यावरच्या ट्रंकेत असणार. मी अब्बांना फोन केला, विषय काढला नाही, नुसतं विचारलं, माझ्या जुन्या वह्या आहेत का. ते म्हणाले, "आहेत." मग थांबले. मग म्हणाले, "तू अम्मांची तसवीर काढली होतीस ना एकदा? ती आहे का त्यात?"

मला बोलताच येईना. अब्बांना ठाऊक होतं हेच मला ठाऊक नव्हतं. दादीचा एकुलता एक फोटो तिच्या हजच्या पासपोर्टवरचा. त्यात ती घाबरलेली आहे, ती ती वाटतच नाही. अब्बांनी तो कधी मोठा करून लावला नाही, कारण तिने नको म्हटलं होतं. पण माणसाला आईचा चेहरा बघावासा वाटतो. त्यांनी मला तसं सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "असली तर बघितली असती."

ईदला गेले तेव्हा ट्रंक उतरवली. वही सापडली. पान कोरं, थोडं पिवळं. अब्बांना सांगावं लागलं की मी पुसलं होतं. ते काही बोलले नाहीत. त्यांनी पान हातात घेतलं आणि अंगठा त्यावरून हलकेच फिरवला, पट्टीवर कोरलेली वेल तपासतात तसा. आणि म्हणाले, "रेघ आहे."

होती. मी पेन्सिल दाबून काढलं होतं, रबराने काळं गेलं होतं, खाच राहिली होती. अब्बांनी कामाचा दिवा ओढला, पानाच्या कडेला अगदी आडवा धरला. तिरप्या उजेडात आधी पदराची कड दिसली, मग शेंगांची टोपली, मग कपाळ. नाकाच्या जागी चार नाकं.

मला माहीत होतं की त्यावर मऊ पेन्सिल आडवी घासली तर सगळं चित्र काळ्यावर पांढरं उठून येईल. मुलं नाण्यावर कागद ठेवून करतात तसंच. पेन्सिल माझ्या पिशवीत होती. मी अब्बांकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "असंच राहू दे."

ते बराच वेळ दिवा धरून बसले होते. अम्मीने दोनदा जेवायला हाक मारली. मग त्यांनी दिवा थोडा सरकवला आणि चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळून पाहिलं.

"नाक यातलं एकही बरोबर नाही," ते म्हणाले. "थोडं मोठं होतं."

वही मी पुण्याला आणली नाही. अब्बांनी ती जुन्या मलमलीत गुंडाळून हत्यारांच्या पेटीत, सर्वांत खालच्या खणात ठेवली आहे.